आजीमुळे सुरू झालेला व्यवसाय

वृद्धांची घरी जाऊन काळजी घेण्याचा व्यवसाय माणूस का काढतो? बहुधा त्याने स्वतःच्या घरातले वार्धक्य पाहिलेले असते. अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरी राहणारे पॉल होगन यांची आजी फार अशक्त झाली होती. मुले-नातवंडे आळीपाळीने तिच्यापाशी थांबू लागली. वेळेवर जेवण आणि बोलायला माणूस मिळताच तिला उभारी आली. पण ज्यांना एवढे गणगोत नाही त्यांनी काय करावे? या विचारातून पॉल व लोरी या दाम्पत्याने १९९४ साली ‘होम इन्स्टेड’ सुरू केली. औषधोपचार नव्हे, तर स्वयंपाक, घरकाम आणि मुख्यतः सोबत. ही सेवा पैसे घेऊनच दिली जाते, आणि त्यात वावगे काही नाही. आपल्याकडे हेच काम सून-लेक मुकाट्याने करते, म्हणून त्याचे मोल दिसत नाही, इतकेच. पहिले कार्यालय थाटले ते पॉल यांच्या आईच्या घरात.