पोहण्याचा पोशाख: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कारंजा घाडगेपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. इथली पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत, पाठीला रिकामा डबा नाहीतर ट्यूब बांधून, साध्या चड्डीवर. मुली बहुतेक काठावरच राहतात. कारण विचारलं तर घरचे सांगतात, पोहायचं म्हणजे तोकडे कपडे आले, ते आपल्यात चालत नाहीत. या पोशाखाबद्दल आपण जे धरून चाललो आहोत, त्यातलं बरंचसं खरं नाही.

गैरसमज: स्विमसूट हे अलीकडच्या हिंदी सिनेमाने आणलेलं खूळ.

ते मराठी पडद्यावर १९३८ सालीच आलं होतं. आचार्य अत्र्यांची कथा आणि मास्टर विनायकांचं दिग्दर्शन असलेल्या ‘ब्रह्मचारी’त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात, गाणं गात पडद्यावर आल्या. टीकेची झोड उठली, तशी थिएटरात गर्दीही लोटली. पोशाख एकसंध होता. बिकिनी तेव्हा बाजारात यायची होती. ती लुई रेआर याने पॅरिसमध्ये ५ जुलै १९४६ रोजी लोकांपुढे आणली. पुढे १९५८ मध्ये ‘दिल्ली का ठग’मध्ये नूतनही स्विमसूटमध्ये दिसल्या.

‘अ‍ॅन इव्हनिंग इन पॅरिस’मध्ये शर्मिला टागोर यांनी बिकिनी घातली, असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. बिकिनी होती ती १९६६ च्या ‘फिल्मफेअर’च्या मुखपृष्ठावर. १९६७ च्या त्या सिनेमात त्यांचा पोशाख एकसंधच आहे.

गैरसमज: काळ पुढे गेला तसं कापड कमी होत गेलं.

सिसिलीतल्या रोमन वाड्याच्या फरशीवर, चौथ्या शतकातल्या चित्रांत, व्यायाम करणाऱ्या तरुणी दोन तुकड्यांच्या पोशाखात आहेत. उलट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतल्या बायका लोकरीचे अंगभर पोशाख घालून समुद्रात उतरत. ही लोकर भिजली की जड होऊन लोंबायची. अमेरिकेत तर १९३० च्या दशकापर्यंत अनेक किनाऱ्यांवर पुरुषांनाही छाती उघडी ठेवायला बंदी होती, आणि त्याच काळात आपल्याकडे माणसं लंगोटावर बिनदिक्कत नदीत उतरत होती. पुढे नायलॉन आलं, मग १९५८ मध्ये लायक्राचा शोध लागला. पोशाख हलका झाला, अंगाला बसू लागला आणि लवकर वाळू लागला. खरा बदल घडवला तो या धाग्यांनी.

गैरसमज: कापड जितकं कमी, तितका वेग जास्त.

२००८ मध्ये स्पीडो कंपनीने खांद्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा पोशाख आणला. तो शरीर घट्ट आवळून धरायचा, त्यामुळे पाण्याचा अडथळा कमी व्हायचा. पाठोपाठ इतर कंपन्यांचे पॉलियुरेथेनचे पोशाख आले आणि २००९ च्या रोममधल्या जागतिक स्पर्धेत तब्बल ४३ विश्वविक्रम झाले. अखेर १ जानेवारी २०१० पासून त्यांवर बंदी घालावी लागली. झाकलेल्या अंगाने माणूस इतका वेगवान झाला होता की नियम बदलावे लागले!

गैरसमज: मग साडीत, सलवारीत किंवा जीन्समध्ये पोहलं तरी काय बिघडतं?

इथे मात्र जिवाशी गाठ असते. भिजलेली साडी पायांना गुंडाळते आणि पाय मारताच येत नाहीत. ओढणी हातात अडकते, सैल सुती कापड प्रत्येक हाताला मागे ओढतं, आणि विहिरीच्या पायऱ्यांवर चढताना तेच कपडे पाणी धरून अंगावर ओझं होतात. पोहण्यासाठी कापड अंगाला बसणारं आणि पाणी न धरणारं हवं, मग ते कितीही लांब असो. पूर्ण बाह्यांचे आणि घोट्यापर्यंतचे पोहण्याचे पोशाख आज सहज मिळतात. अंगभर झाकणारी बुर्किनी ऑस्ट्रेलियात अहेदा झानेट्टी यांनी २००४ मध्ये तयार केली, तीही पोहता यावं म्हणूनच.

आपल्या भागात शेतोशेती विहिरी आहेत, कार प्रकल्पाचं पाणी आहे. पाय घसरायला मुलगा-मुलगी असा भेद नसतो. तेव्हा लेकीला तिला आवडेल तेवढा अंगभर, पण पोहण्याचाच पोशाख घेऊन द्या आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहायला शिकवा.