प्लग माझ्या पर्समध्ये

दोन स्पार्क प्लग, प्लग पाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि जुन्या बनियनचं फडकं. जुलैच्या दुसऱ्या रविवारी आम्ही वर्ध्याहून नागपूरला जावा-येझदीवाल्यांच्या मेळ्याला निघतो, तेव्हा माझ्या पर्समध्ये हे असतं. कंगवा राहिला तर राहतो. जगभरातले जावावाले हाच रविवार ‘जावा दिवस’ म्हणून पाळतात. ज्यांनी तो ठरवला त्यांनी विदर्भातला जुलै पाहिलेला नसावा.

आमची येझदी रोडकिंग सासऱ्यांची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तिथल्या गाड्यांवर १९७३ पासून जावाऐवजी येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखानाच बंद पडला. २०२२ पासून येझदी नावाच्या नव्या गाड्या पुन्हा मिळतात, पण त्यांना पर्स लागत नाही.

सकाळी सहाला अंगणात काम सुरू होतं. या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये कालवलेल्या ऑइलमधूनच. आमचा मिस्त्री लिटरला ४० मिलीचं माप सांगतो. “तेल कमी टाकलं तं पिस्टन धरते, जास्त टाकलं तं प्लग मरते,” एवढंच त्याचं शास्त्र. म्हणून पाच लिटरला २०० मिली. आधी ऑइल, वरून पेट्रोलची धार, मग हे गाडी डावी-उजवीकडे हलवतात. ताक घुसळताना येतो तसा आवाज टाकीतून येतो.

किक आणि गिअर या दोन्ही कामांना एकच दांडा, तोही डाव्या बाजूला. आत दाबून वर फिरवला की किक होते. गाडी सुरू झाली की तो खाली येऊन गिअर होतो. पायानं गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे हात क्लचवर नसला तरी चालतं. नवख्या माणसाला हे खरं वाटत नाही. या वेळी तिसऱ्या किकला दोन्ही सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला आणि शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

समृद्धी महामार्ग आमच्याच जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. आमचा रस्ता जुनाच: पवनार, सेलू, केळझर, बुटीबोरी. पवनारला धाम नदी गढूळ होऊन वाहत होती. पुढे दोन्ही बाजूंना कपाशी वीतभर आलेली, डवरे सुरू झालेले.

गाडी चालवणाऱ्याच्या कानात हेल्मेट आणि वारा असतो. मागच्या सीटवर मात्र इंजिन पायातून, पाठीतून ऐकू येतं. चांगलं चालत असेल तर चढावर मांजरपाट फाडल्यासारखा सलग आवाज येतो. केळझरच्या गणपतीची टेकडी दिसायला लागली आणि त्या आवाजातला एक ठोका गळाला. थोड्या वेळानं आणखी एक. मी यांच्या खांद्यावर दोनदा थापटलं. “काही नाही, ओलावा आहे,” म्हणाले. अर्ध्या किलोमीटरवर ओलाव्यानंच गाडी बंद पाडली म्हणायची.

कडुनिंबाखाली प्लग काढला. टोपण ओढायचं, पाना बसवायचा, अर्धा आटा जोर लावून सोडवायचा आणि पुढचं बोटांनी. पण फडक्यानं धरून, नाहीतर बोट भाजतं. प्लग ओला, काळाकुट्ट. मी म्हटलं, “आज ऑइलची बाटली पूर्ण ओतलीत ना? टाकीत कालचं मिश्रण लिटरभर होतंच.” हे गप्प. प्लग नुसता पुसायचा नसतो. आधी काजळी घासायची, दोन टोकांमधून पॉलिश पेपर हलकेच फिरवायचा, मग फुंकर. आम्ही दुसराच बसवला आणि हा वाळायला ठेवला.

डवरा थांबवून एक आजोबा बांधावर आले. “कोण्या सालची व्हय?”

“चौऱ्याऐंशी.”

“माह्याजवळबी होती. भंगारात देल्ली,” म्हणाले आणि सीटवरून हात फिरवून परत बैलांकडे गेले.

नागपूरला पोचलो तोवर तर्री पोह्यांची दुसरी कढई चढली होती. मैदानावर रांगेत गाड्या, प्रत्येकीभोवती वाकलेली चार-पाच डोकी, आणि बायका कडेला खुर्च्यांवर. एका तरुणानं यांना विचारलं, “काका, वाटेत मिसिंग झालं तर आधी काय बघता?”

यांनी माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांची प्लेट खाली ठेवली आणि पर्स उघडली.