कुंडीताई बोलू लागली!

बालमित्रांनो, समजा, तुमच्या घरातल्या वस्तू अचानक बोलू लागल्या तर? बादली ओरडेल, "अहो, नळ बंद करा, मी काठोकाठ भरले!" दप्तर कुरकुरेल, "चित्रकलेची वही राहिली की घरी!" गोष्टींमध्ये असं नेहमीच घडतं. पण गंमत अशी, की गोष्टीबाहेरही वस्तूंना बोलतं करता येतं. त्यासाठी जादूची कांडी लागत नाही. लागतात एक बॅटरी, चार-सहा सुटे भाग आणि 'ही वस्तू काय म्हणत असेल?' असा विचार करणारं डोकं.

शहरात काही इमारतींच्या गच्चीवरची टाकी भरली, की खाली गजर वाजतो. हीसुद्धा बोलणारी टाकीच! अशा प्रत्येक वस्तूत तीन गडी काम करतात. पहिला जाणतो, दुसरा ठरवतो आणि तिसरा बोलतो. जाणणाऱ्याला म्हणतात संवेदक, म्हणजेच सेन्सर. आपले डोळे, कान, त्वचा जे काम करतात, तेच हा करतो. कुणी उजेड ओळखतो, कुणी ओलावा, कुणी हाताचा स्पर्श.

हा खेळ काही आजचा नाही. साधारण १९२० साली रशियातल्या लेव्ह तेरमेन नावाच्या शास्त्रज्ञानं एक अजब वाद्य बनवलं. त्याला हात न लावताच ते वाजवायचं! वाद्याला दोन अँटेना. एकीजवळ हात नेला की स्वर चढतो, लांब नेला की उतरतो. दुसरीजवळचा हात आवाज लहान-मोठा करतो. हात जवळ आल्यानं वाद्यातल्या विद्युत-मंडलावर जो परिणाम होतो, त्याचाच स्वर बनतो. या वाद्याचं नाव थेरेमिन.

आणि २०१२ साली अमेरिकेत जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबॉम या एमआयटीतल्या दोघांनी 'मेकी मेकी' नावाचं छोटं सर्किट लोकांपुढे आणलं. त्याच्या तारा केळ्यांना जोडायच्या, एक तार आपल्या हातात धरायची आणि केळ्यांवर बोटं ठेवायची, की संगणकातून पियानो वाजू लागतो! केळ्यातून आणि आपल्या अंगातून अगदी कणभर वीज जाते. संगणकाला वाटतं, कुणीतरी कळ दाबली.

काय, हात शिवशिवायला लागले ना? चला तर मग. आमच्या चौथीच्या वर्गानं केलेली युक्ती सांगते. खिडकीत सदाफुलीची एक कुंडी आहे. सगळ्यांची म्हणून कुणाचीच नाही, अशी तिची गत! कधी चौघं पाणी घालतात, तर कधी आठवडाभर कुणीच नाही. मुलांनी ठरवलं, हिला तोंड द्यायचं.

साहित्य असं : ९ व्होल्टची बॅटरी, बॅटरीला जोडताच वाजणारा छोटा बझर, बीसी ५४७ जातीचा एक ट्रान्झिस्टर, १०० किलो-ओहमचा एक रोध, दाबायचं बटण, तारा आणि दोन लांब खिळे. हे सगळं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात मिळतं.

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरा. डावीकडून पहिला पाय कलेक्टर, मधला बेस, तिसरा एमिटर. बॅटरीच्या धन टोकाला बटण जोडा. बटणाच्या दुसऱ्या टोकाला दोन फांद्या फुटतील. एक फांदी बझरमधून कलेक्टरकडे जाईल आणि दुसरी रोधातून बेसकडे. एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा. आता एका खिळ्याची तार बेसला, दुसऱ्याची ऋण टोकाला. खिळे एकमेकांना चिकटू न देता मातीत रोवा. झालं!

हे चालतं कसं? ट्रान्झिस्टर म्हणजे पाण्याच्या तोटीसारखा. तोटीला हलकासा हात लावला तरी धो धो पाणी येतं. तसंच बेसमध्ये जरा वीज शिरली, की कलेक्टरमधून तिच्या शंभर पटींहून जास्त वीज वाहू शकते. माती ओली असली, की बेसकडे आलेली वीज मातीच्या वाटेनं परस्पर निसटते. बझर गप्प. माती वाळली, की ती वाट बंद! वीज बेसमध्ये शिरते आणि कुंडीताई कोकलते.

आता तुम्ही विचाराल, मध्ये बटण कशाला? पहिल्यांदा मुलांनी बटण लावलंच नव्हतं. कुंडी सुकली आणि गणिताच्या तासाला जी ओरडायला लागली, ती थांबेचना! तिसऱ्या दिवशी कुणी तिच्याकडे बघेनासं झालं. एकानं तर बझरवर चक्क टोपी ठेवली. सारखं ओरडणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, हे मुलांना न शिकवता कळलं. शिवाय सतत वीज वाहिली, की मातीतला खिळा लवकर झिजतो आणि बॅटरीही संपते. म्हणून ठरलं, 'विचारलं तरच बोलायचं'. सकाळी वर्गाचा सेक्रेटरी बटण दाबतो. कुंडी गप्प राहिली तर ठीक, बोलली तर तांब्याभर पाणी.

पुढचा प्रश्न होता, नुसतं 'पीं पीं' का? बाजारात आवाज साठवणारं छोटं सर्किट मिळतं. त्यात साधारण दहा सेकंदांचं बोलणं राहतं. ते जोडायला माहीतगार मोठ्या माणसाची मदत घ्या. मग वर्गात वाद सुरू झाला. कुंडीनं बोलायचं तरी काय? एकानं पुस्तकी वाक्य सुचवलं, "कृपया मला पाणी द्यावे." सगळे हसले. "ही काय एस.टी. स्टँडवरची सूचना आहे का?" शेवटी एरवी वर्गात फारसं न बोलणारी एक मुलगी उठली आणि घरात बोलतात तसं बोलली, "आरं, घसा वाळला माझा! घोटभर पानी वत की!" वर्गानं टाळ्या वाजवल्या. आज कुंडीताई त्याच आवाजात बोलते.

पण मित्रांनो, एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कुंडीला तहान लागली, हे यंत्राला कळत नाही. त्याला कळतं एवढंच, की दोन खिळ्यांमधून वीज जाते की नाही. 'घसा वाळला' हे शब्द आपले. पटत नसेल तर तेच खिळे कोरफडीच्या कुंडीत रोवून पाहा. कोरफडीला कोरडी मातीच मानवते. ती मजेत असेल आणि यंत्र मात्र 'पाणी, पाणी' करत बसेल! ऐकून पाणी घालत राहिलात, तर कोरफड कुजेल. म्हणून यंत्र बोललं तरी आपण एकदा बोटानं माती चाचपायची, पानांकडे बघायचं आणि मगच तांब्या उचलायचा.

हो, आणि एक सक्त ताकीद! हे खेळ फक्त बॅटरीवर करायचे. भिंतीतल्या प्लगला हात लावायचा नाही. पिण्याच्या पाण्यातही खिळे बुडवायचे नाहीत.

आता तुमची पाळी. तुमच्या घरात कुणाला तोंड द्याल? उघड्या राहणाऱ्या फाटकाला, की भरून वाहणाऱ्या बादलीला? आधी कागदावर तीन गोष्टी लिहा : ती वस्तू काय जाणेल, कधी बोलेल आणि कुणाच्या बोलीत बोलेल. मग सुटे भाग आणायला जा. आणि चौथी गोष्टही लिहा, तिचं ऐकून उठणार कोण? आमच्या वर्गात दिवाळीच्या सुट्टीसाठी हा प्रश्न सुटला आहे. सदाफुली सुट्टीभर शाळेशेजारी राहणाऱ्या दोघांच्या ओट्यावर असणार आहे. बटण दाबायची पाळी कुणाची, एवढ्यावरून मात्र अजून भांडण चालू आहे!