मुकादमाचें शिक्षण व कामावरील तंटे

देहूरोडहून चाकण, तळेगांव व पिंपरी-चिंचवडकडे पाळीवर जाणाऱ्या तरुणांत मावळ व खेड तालुक्यांतील शेतकऱ्यांचे मुलगे पुष्कळ आढळतात. एक भाऊ औतावर व दुसरा पाळीवर, अशी आज या भागांतील अनेक घरांची मांडणी आहे. यास्तव कारखान्यांतील तंटा हा शेतकऱ्याच्या घरचाच प्रश्न होय, व त्याचा विचार या मासिकांत होणें अप्रस्तुत नाहीं.

इ. स. २०१३ मधील एक उदाहरण घेऊं. चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यांतील कामगारांनीं त्या वर्षीं जूनअखेरीस काम बंद ठेवलें. प्रत्येक कामगारास कंपनीचे ५०० शेअर दर शेअरला १ रुपयाप्रमाणें द्यावे, ही त्यांची एक ठळक मागणी होती. ती मान्य झाली नाहीं. ५० दिवसांनीं, ऑगस्टच्या मध्यास, कामगार ती पदरांत न पडतांच परतले. हे दिवस म्हणजे मावळांतील भाताच्या आवणीचे. ज्या घरीं आवणीची मजुरी पगारांतून भागते, तेथें असा खंड किती जाचतो, हें वाचकांस सांगणें नको. न्याय कोणाच्या बाजूस होता, हें ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं.

असले मोठे वाद मुकादम, म्हणजे आजचा सुपरवायझर, मिटवूं शकत नाहीं, हें खरें. परंतु रजा नाकारणें, पाळी बदलणें, चारचौघांत टाकून बोलणें, अशा गोष्टींनीं मनें आधींच दुखावलेलीं असलीं म्हणजे मोठा वाद चिघळतो. आणि या गोष्टी मुकादमाच्या हातच्या असतात. उत्तम कारागिरास मुकादम करतात, पण माणसें कशीं सांभाळावीं हें त्यास क्वचितच कोणी शिकवितो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं अमेरिकेच्या सरकारनें याकरितां एक शिक्षणक्रम चालविला. सुमारें १० मुकादमांचा गट, दोन-दोन तासांच्या ५ बैठका; प्रत्येकानें आपल्या कामावरील खरा तंटा मांडावयाचा व चार पायऱ्यांनीं सोडवावयाचा. प्रथम हकीकत गोळा करावी, व त्या माणसाचें म्हणणें त्याच्याच तोंडून ऐकावें. मग विचार करून निर्णय घ्यावा. नंतर कृति करावी, व ती आपली कीं वरिष्ठांची हें ओळखावें. शेवटीं परिणाम तपासावा.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेंत २० वा अधिक कामगार असतील तेथें तक्रार निवारण समिति सांगितली असून, तींत मालक व कामगार यांचे प्रतिनिधि समसमान असावयाचे आहेत. समिति हवीच, परंतु तिच्यापुढें तक्रार जाईपर्यंत मन बहुधा विटलेलें असतें.

आमच्या सावडीची गोष्ट निराळी नाहीं. कोणाचें खाचर आधीं, एवढ्यावरून सावड मोडते. बांधावर जाऊन रोपाचें वय व खाचरांतील पाणी पाहिलें, तर पुष्कळदां उत्तर तेथेंच मिळतें. २१ ते २५ दिवसांचें रोप लावणीस योग्य. ज्याचें रोप त्यापुढें चाललें, त्याचा मान पहिला. जो मागें राहिला, त्याच्याकडे नंतर आठवणीनें जाऊन यावें.

आमची सूचना अशी कीं, पाऊस लागण्यापूर्वीं प्रत्येक सोसायटीनें सावडीचे म्होरके व गांवांतील कारखान्यांचे मुकादम यांस ५ संध्याकाळीं एकत्र बसवावें, आणि प्रत्येकानें मागील वर्षाचा एक खरा तंटा मांडावा. खर्च चहापुरता आहे. यंदाची सावड शेवटच्या खाचरापर्यंत टिकली, तर तो शिकण्याचा पुरेसा दाखला होईल.