परिमेय बैजिक राशींचे सरळ रूप व त्यांवरील क्रिया : छेदातील शून्याचा विचार

गोषवारा

परिमेय बैजिक राशींना सरळ रूप देणे व त्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करणे हा शालेय बीजगणितातील परिचित घटक आहे. तथापि पदवीच्या प्रथम वर्षात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लेखनात याच घटकातील चुका वारंवार आढळतात. या चुका आकडेमोडीच्या नसून संकल्पनेच्या आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. अंश व छेद यांतील समान अवयव काढून टाकणे म्हणजे त्या अवयवाने भागणे होय, आणि भागणारी राशी शून्य नसावी ही अट त्या कृतीत अंतर्भूत असते. ही एकच गोष्ट केंद्रस्थानी ठेवून येथे चारही क्रियांचे सोदाहरण विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : बहुपदी, परिमेय बैजिक राशी, समान अवयव, लसावि, वर्ज्य किंमत, खहर.

१. प्रास्ताविक

पदवी प्रथम वर्षाच्या उजळणी वर्गात प्रस्तुत लेखकाने एकदा पुढील उदाहरण दिले होते : (क्ष² − ९)/(क्ष − ३) या राशीला सरळ रूप द्या. बहुतेकांनी क्ष + ३ हे उत्तर लिहिले व त्यांना पूर्ण गुण देण्यात आले. पुढील आठवड्यात (क्ष² + ९)/(क्ष + ३) ही राशी दिली असता त्यांपैकी काही विद्यार्थ्यांनी पुन्हा क्ष + ३ हेच उत्तर लिहिले. विचारणा केल्यावर त्यांची रीत समजली. क्ष² ला क्ष ने ‘कट’ केले की क्ष उरतो, ९ ला ३ ने ‘कट’ केले की ३ उरतात, म्हणून उत्तर क्ष + ३. पहिल्या उदाहरणातही त्यांनी हेच केले होते. तेथे वजा नऊला वजा तीनने भागून अधिक तीन मिळाले आणि चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर हाती आले.

दुसऱ्या राशीत क्ष = १ घेतल्यास तिची किंमत १०/४, म्हणजे २.५ येते, तर क्ष + ३ ची किंमत ४ येते. उत्तर उघडच चुकीचे आहे. परंतु या प्रसंगात दोष केवळ विद्यार्थ्यांचा नव्हता. रीत न पाहता उत्तराला गुण देणाऱ्या शिक्षकाने, म्हणजे प्रस्तुत लेखकानेच, त्या चुकीवर आधी शिक्कामोर्तब केले होते. सदर लेखाची प्रेरणा या अनुभवात आहे.

२. परिमेय बैजिक राशी : व्याख्या

प आणि फ या बहुपदी असून फ ही शून्य बहुपदी नसेल, तर प/फ या राशीस परिमेय बैजिक राशी म्हणतात. काही पाठ्यपुस्तकांत यासाठी ‘गुणोत्तरीय बैजिक राशी’ अशीही संज्ञा योजली आहे. (क्ष + ३)/(क्ष − ५) ही अशी राशी आहे. छेद १ मानल्यास प्रत्येक बहुपदी ही देखील परिमेय राशीच ठरते. याउलट √क्ष/(क्ष + १) ही राशी परिमेय नाही, कारण तिचा अंश बहुपदी नाही.

पूर्णांकांचे परिमेय संख्यांशी जे नाते आहे, तेच बहुपदींचे परिमेय बैजिक राशींशी आहे. म्हणूनच अपूर्णांकांचे सर्व नियम येथे लागू पडतात. मात्र एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावा लागतो. ३/७ या अपूर्णांकाचा छेद शून्य नाही हे पाहताक्षणीच कळते. (क्ष + ३)/(क्ष − ५) या राशीचा छेद मात्र क्ष च्या किमतीवर अवलंबून असतो. क्ष = ५ घेतल्यास छेद शून्य होतो व राशीला अर्थ उरत नाही. चलाच्या ज्या किमतींसाठी छेद शून्य होतो, त्यांना या लेखात ‘वर्ज्य किंमती’ असे म्हटले आहे.

३. सरळ रूप देणे

म ही राशी शून्य नसेल, तर (प × म)/(फ × म) = प/फ. सरळ रूप देण्याची सर्व प्रक्रिया या एका नियमावर उभी आहे. येथे म हा संपूर्ण अंशाचा व संपूर्ण छेदाचा अवयव आहे. तो एखाद्या पदाचा भाग असून चालत नाही. (क्ष + ३)/३ या राशीत अंशातील ३ हे पद आहे, अवयव नव्हे. म्हणून तो छेदातील ३ बरोबर काढून टाकता येत नाही. क्ष = ६ घेतल्यास राशीची किंमत ३ येते, ६ नव्हे. यास्तव प्रथम अवयव पाडणे हीच योग्य रीत होय.

उदाहरणार्थ,

(क्ष² − ५क्ष + ६)/(क्ष² − ९)
= (क्ष − २)(क्ष − ३)/[(क्ष + ३)(क्ष − ३)]
= (क्ष − २)/(क्ष + ३), जेथे क्ष ≠ ३ व क्ष ≠ −३.

क्ष = ५ घेऊन पडताळा पाहता मूळ राशीची किंमत ६/१६ व सरळ रूपाची किंमत ३/८ येते. दोन्ही समान आहेत. आता क्ष = ३ घेऊ. सरळ रूपाची किंमत १/६ येते, पण मूळ राशी ०/० अशी होते, म्हणजेच ती अव्याख्यात आहे. यावरून स्पष्ट होते की, या दोन राशी क्ष च्या सर्व किमतींसाठी समान नाहीत. क्ष ≠ ३ ही अट सरळ रूपाकडे पाहून कळत नाही, कारण ती दर्शविणारा अवयवच आपण काढून टाकलेला असतो. म्हणून वर्ज्य किंमती या नेहमी मूळ राशीवरून, समान अवयव काढण्यापूर्वीच लिहून ठेवाव्यात.

चिन्हांच्या बाबतीतही सावधगिरी आवश्यक आहे. (क्ष − य)/(य − क्ष) या राशीत समान अवयव नाही असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु य − क्ष = −(क्ष − य) असल्याने, क्ष ≠ य असताना तिची किंमत −१ येते.

४. गुणाकार व भागाकार

गुणाकारात अंशाला अंशाने व छेदाला छेदाने गुणतात. अवयव आधी पाडून ठेवल्यास गुणाकार विस्तारून लिहिण्याची गरज पडत नाही. भागाकार करताना भाजकाचा गुणाकार व्यस्त घेऊन गुणावे. उदाहरणार्थ,

(क्ष² − १)/(क्ष² + ४क्ष) ÷ (क्ष − १)/(क्ष + ४)
= (क्ष − १)(क्ष + १)/[क्ष(क्ष + ४)] × (क्ष + ४)/(क्ष − १)
= (क्ष + १)/क्ष.

येथे वर्ज्य किंमती कोणत्या? पहिल्या छेदामुळे ० व −४, दुसऱ्या छेदामुळे पुन्हा −४. याखेरीज क्ष = १ हीदेखील वर्ज्य आहे, कारण त्या वेळी भाजकच शून्य होतो. भागाकारात अशा प्रकारे तीन ठिकाणी शून्याचा विचार करावा लागतो : दोन्ही राशींचे छेद आणि भाजकाचा अंश. यांपैकी तिसरे ठिकाण विद्यार्थ्यांच्या सर्वाधिक नजरेआड होते.

अपूर्णांकाच्या छेदातच अपूर्णांक येतात, अशा राशींनाही हीच रीत लागू पडते. एखादी बस जाताना ताशी अ किमी व त्याच मार्गाने परतताना ताशी ब किमी वेगाने धावली, तर तिचा सरासरी वेग २/(१/अ + १/ब) इतका असतो. छेदाची बेरीज (अ + ब)/अब येते व राशीचे सरळ रूप २अब/(अ + ब) असे मिळते. अ = ४० व ब = ६० असल्यास सरासरी वेग ताशी ४८ किमी येतो, ५० नव्हे. अ किंवा ब शून्य असू शकत नाही, ही अट येथे व्यवहारानेच घालून दिली आहे. उभी असलेली बस परत येत नाही.

५. बेरीज व वजाबाकी

छेद भिन्न असल्यास राशी प्रथम समच्छेद कराव्या लागतात. छेदांचा सरळ गुणाकार घेऊनही हे साधते, परंतु छेदांचा लसावि घेतल्यास श्रम वाचतात. अपूर्णांकांच्या बेरजेसाठी लसावि वापरण्याची ही रीत भारतीय परंपरेत जुनी आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात होऊन गेलेल्या महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात तिला ‘निरुद्ध’ अशी संज्ञा दिली आहे. बैजिक राशींच्या बाबतीत लसावि काढताना प्रत्येक भिन्न अवयव त्याच्या सर्वांत मोठ्या घातांकासह घ्यावा. उदाहरणार्थ,

क्ष/(क्ष² − ४) − १/(क्ष² + २क्ष)

छेदांचे अवयव अनुक्रमे (क्ष − २)(क्ष + २) व क्ष(क्ष + २) असून लसावि क्ष(क्ष − २)(क्ष + २) आहे. म्हणून,

= [क्ष² − (क्ष − २)]/[क्ष(क्ष − २)(क्ष + २)]
= (क्ष² − क्ष + २)/[क्ष(क्ष − २)(क्ष + २)], जेथे क्ष ≠ ०, २, −२.

अंशाचे आणखी वास्तव अवयव पडत नाहीत, म्हणून हेच अतिसंक्षिप्त रूप होय. आता कंस लिहावयाचा राहिला तर काय घडते ते पाहू. अंश क्ष² − क्ष − २ असा होतो. त्याचे (क्ष − २)(क्ष + १) असे अवयव पडतात, क्ष − २ हा समान अवयव निघून जातो आणि (क्ष + १)/[क्ष(क्ष + २)] असे आटोपशीर उत्तर मिळते. उत्तर सुबक आले की ते बरोबरच असणार, अशी विद्यार्थ्यांची धारणा असते. येथे मात्र चुकीचे उत्तरच अधिक सुबक आहे. क्ष = १ घेतल्यास मूळ राशीची किंमत −२/३, तर या उत्तराची २/३ येते. एका ओळीच्या पडताळ्याने ही चूक उघड होते.

६. समीकरणातील परिणाम

वर्ज्य किंमतींकडे दुर्लक्ष केल्याचा परिणाम समीकरणे सोडविताना ठळकपणे दिसतो. क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) + २ हे समीकरण घेऊ. दोन्ही बाजूंना क्ष − ३ ने गुणल्यास क्ष = ३ + २क्ष − ६, म्हणून क्ष = ३. आकडेमोडीत कोठेही चूक नाही, तरीही क्ष = ३ ही उकल नव्हे, कारण त्या किमतीस मूळ समीकरणालाच अर्थ नाही. सदर समीकरणास एकही उकल नाही. ज्याने आरंभीच क्ष ≠ ३ असे लिहिले, त्याला हे अखेरच्या पायरीवर आपोआप कळते.

७. शून्याने भागण्याचा ऐतिहासिक विचार

विद्यार्थी जेथे अडखळतात तेथे पूर्वाचार्यही थांबून विचार करीत होते. इ. स. ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात ब्रह्मगुप्ताने शून्यासंबंधीचे नियम मांडले व शून्य भागिले शून्य बरोबर शून्य असे मानले. महावीराचार्यांच्या मते शून्याने भागलेली संख्या बदलत नाही. ही दोन्ही मते आज स्वीकारली जात नाहीत. भास्कराचार्यांनी (जन्म इ. स. १११४) शून्य छेद असलेल्या राशीस ‘खहर’ म्हटले व ती अनंत आणि अविकारी असल्याचे प्रतिपादन केले. भास्कराचार्यांचा महाराष्ट्राशी असलेला संबंध चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखावरून ज्ञात आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा उल्लेख त्यात आहे.

‘लीलावती’मधील एक उदाहरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळविले, तीनने गुणले व शून्याने भागले, तर ६३ येतात. ती संख्या कोणती? उत्तर १४ असे दिले आहे. शून्याच्या जागी ल हे अक्षर व अज्ञात संख्येच्या जागी न घेतल्यास राशी ३(लन + लन/२)/ल अशी होते. ल शून्य नसेल तर तिचे सरळ रूप ९न/२ असून ते ६३ बरोबर मांडल्यावर न = १४ मिळते. परंतु ल खरोखरच शून्य असेल, तर न ची कोणतीही किंमत घेतली तरी राशी ०/० अशीच होते. पुढे आणखी क्रिया शिल्लक असल्यास शून्य हा गुणक तसाच राखून ठेवावा, असे भास्कराचार्यांनी सांगितले आहे. आज आपण अशा ठिकाणी ल शून्याच्या कितीही जवळ जातो, पण शून्य होत नाही असे म्हणतो व त्यास सीमा ही संज्ञा वापरतो. भास्कराचार्यांना सीमेची आधुनिक व्याख्या अभिप्रेत होती असा दावा करणे उचित नव्हे. तथापि, शून्य लगेच काढून टाकू नये, हा त्यांचा सावधपणा आजच्या वर्गातही अनुकरणीय आहे.

तिसऱ्या विभागातील उदाहरणाकडे पुन्हा पाहता हे अधिक स्पष्ट होईल. क्ष = ३ असताना मूळ राशीला किंमत नाही, परंतु क्ष ३ च्या जवळ जाताना राशीची किंमत १/६ च्या जवळ जाते. मूळ राशी व तिचे सरळ रूप यांचे आलेख एका बिंदूखेरीज तंतोतंत जुळतात. मूळ राशीच्या आलेखात त्या बिंदूच्या जागी छिद्र असते. पदवी वर्गात शिकविल्या जाणाऱ्या सीमा व सातत्य या संकल्पनांचे आकलन या छिद्राच्या आकलनावर अवलंबून आहे. शाळेत जी अट लिहिली गेली नाही, ती पुढे विद्यार्थ्याच्या वाटेत अशा रीतीने उभी राहते.

८. अध्यापनविषयक सूचना

(१) ‘कट करणे’ या शब्दप्रयोगाऐवजी ‘समान अवयवाने भागणे’ असे म्हणावे. प्रत्येक वेळी कशाने भागले, हे विद्यार्थ्यास विचारावे.
(२) अवयव पाडल्यानंतर, पण पुढील पायरीपूर्वी, वर्ज्य किंमती समासात लिहून घ्याव्यात.
(३) वजाबाकीत दुसरा अंश नेहमी कंसात लिहावा.
(४) चलाला एखादी सोयीची किंमत देऊन पडताळा घ्यावा. पडताळ्याने चूक सिद्ध होते, मात्र रीत बरोबर असल्याचे सिद्ध होत नाही, हे प्रास्ताविकातील उदाहरणावरून ध्यानात येईल.
(५) म्हणून गुण देताना उत्तराबरोबर पायऱ्याही तपासाव्यात.

९. समारोप

परिमेय बैजिक राशींवरील क्रियांचे नियम थोडे आहेत व ते अपूर्णांकांच्या नियमांहून वेगळे नाहीत. वेगळी आहे ती छेदातील चलाची उपस्थिती. चल आहे म्हणून छेद शून्य होण्याची शक्यता आहे, आणि ती शक्यता नोंदविल्याशिवाय सरळ रूप पूर्ण होत नाही. ‘क्ष ≠ ३’ ही उत्तरालगतची छोटीशी नोंद म्हणजे उत्तराचाच भाग होय. उपरोक्त वर्गात आता ही नोंद नसलेल्या उत्तरास पूर्ण गुण दिले जात नाहीत. आरंभी विद्यार्थ्यांनी याबद्दल कुरबूर केली. सीमेचे प्रकरण सुरू झाल्यावर मात्र ०/० दिसताच त्यांतील काहींनी स्वतःहून प्रथम अवयव पाडण्यास घेतले.