वाटा मिळाला, पण रस्ता कुणाकडे?



प्रभागसंघाच्या बैठकीत आता बऱ्याच जणी सांगतात, "माहेरी वाटणी झाली, मलाही नाव लागलं." ऐकून खूप बरं वाटतं. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. पण कायदा वाटा किती ते सांगतो. तो वाटा जागेच्या कुठल्या बाजूला पडणार हे ठरतं ते घरातल्या ओसरीवर. म्हणून मी दरवेळी पुढचा प्रश्न विचारते: तुमच्या तुकड्याला फ्रंट किती आहे?

फ्रंट म्हणजे जागेची रस्त्याला लागलेली रुंदी. जमिनीचे दलाल "रोड टच" म्हणतात तेच. गिरण घालायची असो, चहाची टपरी, नाहीतर गटाच्या पापड-मसाल्याचं दुकान, गिऱ्हाईक रस्त्यावरून येतं. टेम्पोही रस्त्यावरच थांबतो. मागच्या अंगाला पडलेल्या गुंठ्याला तोच भाव कधीच येत नाही.

आता कागद-पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर आखा. समजा गावठाणात तुमच्या माहेरची १० गुंठे जागा आहे. रस्त्याकडे ६६ फूट, आत खोल १६५ फूट. गुणाकार केला की १०,८९० चौरस फूट, म्हणजे बरोबर १० गुंठे (एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा). वारस तीन, दोन भाऊ आणि तुम्ही.

रस्त्याला समांतर रेघा मारल्या तर प्रत्येकाला ६६ बाय ५५ चा तुकडा येतो, ३,६३० चौरस फूट. कागदावर तिघं अगदी समान. पण रस्ता फक्त पहिल्याला, सगळाच्या सगळा ६६ फूट. दुसरा आणि तिसरा तुकडा कोंडलेला. "तुला सासरी काय कमी आहे, मागचा घे" हे वाक्य नेमकं इथे येतं. आणि आपल्यालाही भांडण नको असतं.

आता रेघा रस्त्यापासून आतपर्यंत उभ्या मारा. प्रत्येकाला २२ बाय १६५. क्षेत्र तेच, ३,६३० चौरस फूट, आणि प्रत्येकाला २२ फूट फ्रंट. दुकानाचा गाळा सहज बसतो. अडचण एवढीच की पट्टा निरुंद होतो, घर बांधायला बोगद्यासारखं वाटतं.

तिसरी वाट अशी की तुकडे आडवेच ठेवायचे, पण कडेने १० फुटांची सामायिक वाट सोडायची. शेवटच्या तुकड्यापर्यंत ती ११० फूट जाते, म्हणजे १,१०० चौरस फूट. एक गुंठ्याहून थोडी जास्त. तिघांत विभागली तर प्रत्येकी साधारण ३६७ चौरस फूट सोडावी लागते. मग पुढचा तुकडा ज्याला गेला त्याने बाकीच्यांना फरकाची रक्कम द्यायची. मोक्याची बाजू एकाला आणि पैसे दुसऱ्याला, ही पद्धत कोर्टातल्या वाटपातही चालते.

माझं मत विचाराल तर, जागा रस्त्याकडे पुरेशी रुंद असेल तर उभे पट्टे. नसेल तर वाट आणि पैसे. आणि चिठ्ठ्या टाकणार असाल तर रेघा ज्याने आखल्या त्याला चिठ्ठी शेवटी उचलू द्या. रेघा आपोआप सरळ येतात!

तोंडी ठरलेली वाट मात्र वाट नव्हे. वाटणीपत्रात प्रत्येक तुकड्याची चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेला काय, पश्चिमेला काय. तुमच्या चतुःसीमेत "रस्ता" हा शब्द आहे का, ते सही करण्याआधी वाचून घ्या. सामायिक वाट असेल तर तिची रुंदी फुटांत लिहिलेली हवी आणि ती सर्वांच्या वापराची असं स्पष्ट हवं. समोरचा रस्ता ग्रामपंचायतीचा आहे का, ते नमुना २३ च्या नोंदवहीत कळतं. मोठ्या रस्त्यालगत बांधकामासाठी काही अंतर मोकळं सोडावं लागतं, तेवढं फ्रंटच्या हिशोबातून आधीच वजा धरा.

शेताचं गणित थोडं निराळं. तिथे तुकडेबंदीचा कायदा आहे, वाटेल तेवढे छोटे तुकडे पाडता येत नाहीत. पण वाटेचा प्रश्न तोच. शेताला जायला वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मिळण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. असलेली वाट कुणी काटे टाकून अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ आहे. त्यात अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. "दिवाळीनंतर बघू" म्हणत मुदत निघून जाते, म्हणून तारीख लिहून ठेवा.

नदीकाठच्या गावांत रस्त्याच्या जोडीला पाण्याचंही तोंड असतं. काही ठिकाणी शेतांचे पट्टे नदीपासून वर रस्त्यापर्यंत लांबच लांब दिसतात. अशा पट्ट्यात प्रत्येकाला मोटार ठेवायला काठ, थोडी मळीची जमीन आणि पुराच्या पाण्यापासून लांब असा वरचा भागही मिळतो. नुसता काठाचा तुकडा आला तर पीक जोमदार, पण पूर पहिला तुमच्याकडे. नुसता वरचा आला तर पाइपलाइन दुसऱ्याच्या रानातून न्यावी लागते. त्यासाठी कलम ४९ खाली तहसीलदारांची परवानगी मागता येते.

आणि हक्कसोडपत्र. "फक्त एक सही" म्हणून जे पुढे येतं ते बहुतेक वेळा हेच असतं. एकदा नोंदणी झाली की फ्रंटही गेला आणि मागची बाजूही. द्यायचंच असेल तर समजून द्या.

ज्यांच्याकडे वाटणीची बोलणी चालू आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला सातबारा किंवा मिळकत पत्रिकेची झेरॉक्स आणि मोजणी झाली असेल तर 'क' प्रत घेऊन या. मी मोजपट्टी आणि चौकटीची वही आणते. तुमच्याच जागेच्या रेघा मारून बघू.