रोजगार-मार्गदर्शन : उपयोग आणि मर्यादा

अहिल्यानगर जिल्ह्यातील देवळाली प्रवरा हे राहुरी तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव. साखर कारखान्याच्या आधाराने वाढलेली राहुरी फॅक्टरीची वसाहत याच परिसरातील. ऊसतोड आणि गाळप ही कामे हंगामी असतात. पदवीधर तरुणाची अपेक्षा मात्र बारमाही नोकरीची असते. अशा ठिकाणी दीर्घकाळ बेकार राहिलेल्या उमेदवारास मार्गदर्शनामुळे काम मिळू शकते काय, हा प्रश्न विचारार्ह आहे.

देशात सेवायोजन कार्यालये १९४५ साली युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी सुरू झाली. १९५६ मध्ये त्यांचे दैनंदिन प्रशासन राज्यांकडे आले. १९५९ च्या कायद्याने २५ वा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांनाही रिक्त जागा कळविणे बंधनकारक केले. परंतु ती जागा कार्यालयाने पाठविलेल्या उमेदवारानेच भरावी, असे बंधन घातले नव्हते. नोंदणीनंतरही काम शोधण्याचा भार उमेदवारावरच राहिला. अर्ज कसा लिहावा, मुलाखतीस कसे सामोरे जावे, कोणते प्रशिक्षण घ्यावे, यासाठी मार्गदर्शनाची गरज त्यातूनच भासते.

या उपायाची कसोटी फ्रान्समध्ये २००७-०८ साली घेण्यात आली. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३५ भागांतील, किमान सहा महिने बेकार असलेल्या सुशिक्षित तरुणांचा अभ्यास केला. कोणास मार्गदर्शन द्यावे, हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरविले होते. आठ महिन्यांनंतर मार्गदर्शन मिळालेल्यांपैकी अधिक जणांना स्थिर नोकरी लाभल्याचे दिसले. वर्षअखेर हा फरक ओसरला. शिवाय, विशेषतः जेथे नोकऱ्या कमी होत्या तेथे, या लाभाचा काही भाग मार्गदर्शन न मिळालेल्यांच्या वाट्यातून आला होता. रांग तेवढीच राहिली. केवळ क्रम बदलला.

म्हणून मार्गदर्शनाचे यश किती जणांना नोकरी लागली एवढ्यावरून मोजणे पुरेसे नाही. गावातील एकूण रोजगार वाढला काय, हेही पाहावे लागेल. जेथे जागा आहे पण तिची माहिती उमेदवारापर्यंत पोचत नाही, किंवा कामास लागणारे कौशल्य त्याच्याजवळ नाही, तेथे योग्य सल्ला खरोखरच उपयोगी पडतो. १९६१ च्या कायद्यान्वये चालणारी शिकाऊ उमेदवारी हे याचे उत्तम उदाहरण होय. शिक्षकांनी ही माहिती शाळा सोडण्यापूर्वीच विद्यार्थ्यांना द्यावी. स्थानिक संस्थांनी परिसरातील आस्थापनांकडील जागांची माहिती वेळोवेळी मिळवावी आणि लघुउद्योगांना जागा, पाणी व वीज सुलभ करून द्यावी. सल्ल्याला कामाची जोड मिळाली, तरच त्याचा लाभ एकाकडून दुसऱ्याकडे न सरकता साऱ्या गावाच्या पदरी पडेल.